शस्त्रकर्म आणि शरणागती

हरीला शरण गेलेल्या माणसाने आपला देह शस्त्रवैद्याच्या स्वाधीन करावा की नाही, आणि करावयाचा तर कोणत्या भावनेने करावा, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे. प्रश्न जुनाच आहे. परंतु यंदा तो आमच्यापुढे नुसता वादाचा म्हणून उभा नाही. आमच्या हृदयातून रक्त ज्या महाधमनीत चढते, तिच्या तोंडाशी असलेली झडप कठीण होऊन आकसली आहे. ती काढून तेथे दुसरी बसवावी लागेल असे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि दिवसही नेमून दिला आहे. माले गावात व आसपासच्या वाड्यांत ही वार्ता गेल्यापासून माळकरी मंडळी भेटीला येतात आणि बसल्या बसल्या शंका विचारतात. त्या शंका एकट्या आमच्या उपयोगाच्या नाहीत. ज्याच्या घरी असा प्रसंग आला आहे, किंवा उद्या येईल, त्या प्रत्येक वारकऱ्याच्या त्या आहेत. म्हणून त्यांचा येथे क्रमाने विचार करू.

आधी दुखणे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजण्यास सोपे जाईल. आमच्या मुळशीकरांना धरणाचा दरवाजा माहीत आहे. दरवाजा पुरता उघडला तर पाणी मोकळे जाते. तोच गंजून बोटभर उघडू लागला तर मागे पाणी तुंबते आणि पुढे नदी कोरडी पडते. हृदयाच्या या झडपेचे असेच आहे. तिला पाकळ्यांसारखे तीन पदर असतात. वाढत्या वयात त्यांवर चुन्यासारखे थर बसतात, पदर ताठरतात आणि मधली वाट अरुंद होते. मग त्या वाटेने रक्त ढकलताना हृदयाला फार जोर करावा लागतो. चढ चढताना धाप लागते, छातीत दाटते, कधी उभ्या उभ्या भोवळ येते. ही लक्षणे उमटल्यावर झडप बदलली नाही तर बहुतेकांचे आयुष्य थोड्याच वर्षांत सरते, असा वैद्यकाचा अनुभव आहे. गोळी घेऊन हा चुना विरघळत नाही. पायाच्या धमनीतून नळीने नवी झडप नेऊन बसवण्याची रीत अलीकडे निघाली आहे. पण आमचे वय आणि झडपेची घडण पाहता छाती उघडूनच काम करावे असे डॉक्टरांचे मत पडले. असो.

पहिली शंका एका जुन्या टाळकऱ्याची. तो म्हणाला, "महाराज, देह नाशिवंत हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. मग आता त्याची एवढी डागडुजी कशापायी?" शेजारचा म्हणाला, "आन आयुष्याची दोरी वरून तुटायची असंल, तर डाक्टर गाठ मारणार हाय का?"

शंका तिखट आहे, पण खरी आहे. तिचे समाधान असे की, नाशिवंत आणि टाकाऊ हे दोन शब्द एक नव्हेत. वीणा नाशिवंत आहे, म्हणून तुटलेली तार तशीच लोंबती ठेवून कोणी पहाऱ्याला उभा राहत नाही. प्रत्यक्ष पंढरीत पाहा. पांडुरंगाच्या मूर्तीची झीज होऊ नये म्हणून तिला वज्रलेप करतात. २०२४ साली गाभाऱ्याच्या जतनाचे काम निघाले, तेव्हा मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत चरणांवर डोके ठेवण्याचे दर्शन बंद होते. लोकांनी लांबूनच मुख पाहिले. देव समर्थ आहे, त्याच्या गाभाऱ्याला गवंडी कशाला, असे त्या दिवसांत कोणी म्हणाला नाही. देवळाची डागडुजी ज्याला सेवा वाटते, त्याने देहाच्या डागडुजीला अविश्वास म्हणू नये. दोन्ही वास्तू त्याच्याच आहेत.

राहिली आयुष्याच्या दोरीची गोष्ट. हाच प्रश्न चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेशाने आपल्या गुरूंना, भगवान आत्रेयांना, विचारला आहे: आयुष्य ठरलेले असते की नसते? आत्रेयांनी गाडीच्या आसाचा दृष्टांत दिला. चांगल्या लाकडाचा आस नीट वापरला तर आपल्या मुदतीने झिजून मोडतो. पण तोच आस अतिभाराने, खाचखळग्यांच्या वाटेने, हाकणाऱ्याच्या हलगर्जीने अथवा वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो. दोन्ही मोडणेच, पण एक काळाचे आणि दुसरे अकाळाचे. दैव आणि पुरुषाचा यत्न या दोहोंच्या मेळावर आयुष्य चालते. सगळेच ठरलेले असते तर औषध, मंत्र, पथ्य यांची खटपट ऋषींनी केलीच नसती, असा आत्रेयांचा अभिप्राय आहे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला याहून निराळे समजावण्याची गरज नाही.

सुश्रुताने तर आपला प्रश्न नेमका मांडला आहे. मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याचे प्रकरण सांगताना तो म्हणतो की, शस्त्र न केले तर मृत्यू निश्चित आणि केले तर संशय. म्हणून वैद्याने आधी अधिपतीची अनुज्ञा घ्यावी आणि मग हात घालावा. निश्चित मरण एकीकडे आणि संशयित जीवन दुसरीकडे, अशा वेळी संशयाची बाजू धरणे हे अधैर्य नव्हे. आज इस्पितळात जे संमतिपत्र पुढे करतात, त्याचे मूळ आपल्याकडे इतके जुने आहे. मात्र याच सुश्रुताने हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. म्हणजे तेथे घाव बसला की प्राण जाण्यास विलंब नाही. त्या मर्मावर आज माणूस जाणूनबुजून शस्त्र ठेवतो आणि रोगी बरा होऊन घरी जातो, ही मानवी यत्नाची थोर मजल आहे, आणि तिला नमस्कार करण्यात वारकऱ्याला कमीपणा नाही.

तरीही कोणी म्हणेल, मग शस्त्रक्रिया नाकारणारे सगळे चुकले काय? तसे नाही. दोन थोरांचे प्रसंग डोळ्यांपुढे ठेवू. महात्मा गांधींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टर व इस्पितळे यांवर कठोर टीका केली होती. तेच गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला, आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून इस्पितळात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. गांधीजींनी आपल्या संमतीच्या कागदावर सही केली. वादळी पावसात विजेचे दिवे गेले आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. दुसरा प्रसंग विनोबांचा. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. त्यांनी पुढे अन्न, पाणी व औषध थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. गुरूने शस्त्र घेतले आणि त्याच गुरूच्या शिष्याने औषधही नाकारले. पण दोघांच्या भक्तीत उणे काढणारा कोणी आम्हाला भेटलेला नाही.

यावरून निघणारा निर्णय असा. शस्त्रक्रिया घेणे वा नाकारणे यात धर्म नाही. ती कशासाठी घेतली वा नाकारली, यात धर्म आहे. ज्याचे काम संपले, ज्याला कोणाचे देणे उरले नाही, तो शांतपणे नको म्हणाला तर ते वैराग्य. पण सुरीच्या भीतीने, किंवा खर्चाच्या भीतीने, नको म्हणावयाचे आणि त्याला वैराग्याचे नाव द्यावयाचे, हे सोंग. उलट, आणखी चार घास खावयास मिळावेत एवढ्यासाठीच हो म्हणावयाचे, तर तो लोभ. ज्ञानोबारायांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली, हे आम्हाला पुष्कळांनी ऐकवले. बरोबर आहे. पण त्याआधी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली होती. आमच्याकडे चार मुले कीर्तन शिकावयास येतात, त्यांचे शिकणे अर्धे झाले आहे. एवढ्या अर्ध्यासाठी आम्ही हो म्हटले आहे.

येथे एक पोटशंका येते, ती नव्या झडपेची. झडपा दोन जातींच्या असतात. एक जात प्राण्याच्या अवयवापासून केलेली: गाईबैलाच्या हृदयावरील आवरणाची, अथवा डुकराच्या झडपेची. ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी सहसा जन्मभर घ्यावी लागत नाही. दुसरी जात घडवलेली, धातू व तत्सम द्रव्यांची. ती फार टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी रोज, नेमाने, अखेरपर्यंत घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासावे लागते. आपल्या देशातही अशी झडप घडली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने ती तयार झाली आणि १९९० च्या डिसेंबरात प्रथम रोग्याच्या हृदयात बसली. याच वलियाथनांनी पुढे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर ग्रंथ लिहिले. २०२४ साली ते निवर्तले. हृदयाचा शस्त्रवैद्य आणि संहितांचा अभ्यासक एकाच देहात नांदू शकतो, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

माळकऱ्याने गाईच्या अंगाची झडप घ्यावी काय? आमचे मत असे. ज्या पखवाजावर आम्ही जन्मभर हरिनाम ऐकले, त्याच्या दोन्ही पुड्या चामड्याच्याच आहेत. त्या चामड्याने कीर्तन विटाळले नाही, तर प्राणिज झडपेने हृदय कसे विटाळेल? तेव्हा ज्याला डॉक्टरांनी तशी झडप सांगितली असेल, त्याने ती घ्यावी आणि दिंडीत ताठ मानेने चालावे. त्याला कोणी बोल लावू नये. आमच्या वयाला दोन्ही चालतील असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा आम्ही घडवलेली झडप मागितली. रोजची गोळी पडेल ती हरिपाठासारखा नेम म्हणून. एकादशीला ती घ्यावी काय, असेही एकाने विचारले. अवश्य घ्यावी. व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी धर्मशास्त्राने मोजल्या आहेत, त्यांत औषध आहे आणि गुरूचे वचनही आहे. मात्र अशी गोळी घेणाऱ्याने उपवासाचे आणि पालेभाजीचे मान डॉक्टरांना विचारूनच ठेवावे. आहारात एकदम फेर पडला तर गोळीचा गुण बदलतो.

आता मुख्य विषयाकडे येऊ. वारकरी ज्या तीन गोष्टींना धरून असतो, त्या तिन्ही त्या दिवशी काही तासांसाठी सुटणार आहेत. हृदयात देव आहे या भावावर तो जगतो, तर हृदय थांबणार आहे. गळ्यात माळ असते, ती उतरणार आहे. मुखात नाम असते, ते भुलीने बंद होणार आहे. या तिन्हींविषयी भाविकांच्या मनात खरी धास्ती असते. तिचा विचार टाळून नुसता धीर देणे योग्य नव्हे.

पहिली गोष्ट हृदयाची. ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहतो असे गीता अठराव्या अध्यायात सांगते; छांदोग्य उपनिषद हृदयातील लहानशा कमळगृहात ब्रह्म शोधावयास सांगते. आणि डॉक्टर काय करणार? छातीचे हाड मधोमध कापणार, रक्त यंत्राकडे वळवणार, थंड औषधी द्रावण सोडून हृदयाचे स्पंदन थांबवणार, आणि काम होईपर्यंत ते थांबलेलेच ठेवणार. "मग त्या वेळेला देव कुठं जातो?" हा प्रश्न आम्हाला एका बारा वर्षांच्या मुलाने विचारला. शास्त्र्यांनी विचारावा असाच प्रश्न.

त्याचे उत्तर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात देऊन ठेवले आहे. सर्वव्यापी परमात्म्याला हृदयात आहे असे म्हणणे हे उपासनेसाठी आहे, जसे शाळिग्रामात हरी पाहावा तसे. हरी शाळिग्रामात मावत नाही; आपली नजर तेथे ठरते एवढेच. परचक्राच्या भीतीने पंढरीची मूर्ती लपवून ठेवल्याच्या, हलवल्याच्या कथा आपल्या परंपरेत आहेत. भानुदास महाराजांनी ती विजयानगराहून परत आणली असे आपण दरवर्षी कीर्तनात सांगतो. मूर्ती दूर होती तेव्हा पांडुरंग नाहीसा झाला होता काय? तसेच हे. आणि आधुनिक वैद्यकाने तर या भाष्याला एक नवे उदाहरण पुरवले आहे. १९६७ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे डॉ. बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय काढून दुसऱ्याचे बसवले. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम इस्पितळात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला, तो रोगी थोडे तासच जगला. १९९४ साली दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना यश आले. आज असे हृदय बसवलेली माणसे हिंडतात, फिरतात. परक्याचे हृदय घेऊन शुद्धीवर आलेला माणूस आपल्याच बायकोला ओळखतो, आपलेच देणे-घेणे आठवतो. म्हणजे 'मी' म्हणून जो कोणी आहे, तो त्या मांसाच्या गोळ्यात बांधलेला नाही. उपनिषदांनी हेच सांगितले होते.

आणि यंत्राचे काय? ते समजण्यास वारकऱ्याला सप्ताह पुरे आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला लागू देत नाहीत. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि नमस्कार करून बाजूला होतो. वीणा बंद पडत नाही, हात तेवढे बदलतात. १९५३ च्या मे महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. गिबन यांनी रक्त फिरवणाऱ्या व शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या आधाराने एका तरुणीच्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून हा पहारा बदलण्याची सोय झाली. चौसष्ट वर्षे आमच्या हृदयाने वीणा धरली आहे. दोन-तीन तास ते दुसऱ्याच्या हाती देईल, आणि विठ्ठलाची इच्छा असेल तर परत घेईल.

दुसरी गोष्ट माळेची. ही हृदयाहून अवघड वाटली. भूल देणारे डॉक्टर गळ्यातील मोठ्या शिरेत नळी घालतात. मान, छाती सगळी औषधाने धुतात. तेथे दोरा, धागा, मणी काही चालत नाही. गुरूने ज्ञानेश्वरीवर ठेवून आमच्या गळ्यात घातलेली माळ आजवर गळ्यातून निघाली नाही. पुष्कळ म्हातारे वारकरी माळ काढावी लागेल एवढ्याच कारणासाठी इस्पितळाचे तोंड पाहत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी हे लिहितो.

संकटकाळाचा धर्म निराळा असतो, आणि तो अधर्म नव्हे. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. रस्ते रिकामे, दिंड्या घरी. ज्यांची एकही वारी चुकली नव्हती, त्यांनी दाराशी बसून हरिपाठ म्हटला. त्या सर्वांची वारी मोडली असे म्हणणारा शहाणा कोण? माळेचेही तसेच. माळ कंटाळ्याने, लाजेने किंवा आहाराच्या मोहाने काढली तर व्रत मोडते. ज्या ज्ञानेश्वरीवरून ती गळ्यात आली, त्याच ज्ञानेश्वरीवर ती नमस्कार करून ठेवली, तर ती मुक्कामाला गेली, एवढेच म्हणावे.

आम्ही हे सगळे प्रमाण देऊन आमच्या कुटुंबाला समजावीत होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, एवढं शास्त्र कशाला? माळ माझ्यापाशी द्या. तुम्ही शुद्धीवर आलात की मीच घालीन. आणि नाही आलात तरी मीच घालीन." या वाक्यापुढे आमच्याजवळ अधिक प्रमाण नाही, आणि ते हवेही वाटले नाही.

तिसरी गोष्ट नामाची, आणि खरी धास्ती हीच आहे. अंतकाळी ज्याचे स्मरण होते ती गती मिळते, हे गीतेच्या आठव्या अध्यायातील वचन आपण हजार वेळा ऐकले आहे. घरी अंथरुणावर मरण आले तर कोणी कानाशी विठ्ठल विठ्ठल म्हणेल, मुखात तीर्थ घालील, तुळशीचे पान ठेवील. भुलीत मरण आले तर? तोंडात श्वासाची नळी, मन सुन्न, भोवती अनोळखी माणसे. नाम कोण घेणार? जन्मभर नाम घेतले आणि नेमक्या त्या क्षणी जीभच आपली नसली तर सगळे फुकट गेले काय? भेटीस आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दबक्या आवाजात हेच विचारले: "म्हाराज, झोपेत गेलो तर देवाला कळंल ना?"

उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावे लागते. पहिली पायरी: त्याच आठव्या अध्यायात भगवंत पुढे असे सांगतात की शेवटी तेच आठवते ज्याचा जन्मभर ध्यास असतो, आणि म्हणून सर्व काळी माझे स्मरण कर. म्हणजे शेवटचा क्षण ही वेगळी परीक्षा नव्हे. ती जन्मभराच्या हजेरीची बेरीज आहे. आणि भूल तरी काय नवी? रोज रात्री आपण झोपतो तेव्हा नाम कोठे मुखात असते? छांदोग्यात आरुणी श्वेतकेतूला सांगतो की गाढ झोपेत जीव सद्रूपाशी एक झालेला असतो. रोज रात्री आपण विश्वासाने त्याच्या हाती जातो आणि पहाटे काकड्याला परत येतो. त्या दिवशीही तसेच जावयाचे.

दुसरी पायरी याहून मोठी. वैष्णवांत वराहचरमश्लोक या नावाने प्रसिद्ध असलेले एक भगवद्वचन आहे. पृथ्वीदेवीला वराहरूपी भगवंत सांगतात त्याचा भाव असा: शरीर धड आणि मन स्वस्थ असताना ज्याने माझे स्मरण केले, तो पुढे मरणाच्या वेळी लाकडासारखा, दगडासारखा निश्चेष्ट पडला, तर त्या वेळी मी त्याचे स्मरण करतो आणि मी त्याला परमगतीला नेतो. पाहा, कर्ता कसा बदलला! भक्ताला आठवण ठेवणे जमत नाही तेव्हा देव आठवण ठेवतो. आईचा हात धरून चालणारे लेकरू झोपले की हात सुटतो, पण आईने ते कडेवर घेतलेले असते. त्या म्हाताऱ्या बाईंना आम्ही एवढेच सांगितले, की बाई, आपल्याला कळणार नाही, देवाला कळेल.

तात्पर्य, हृदय, माळ आणि नाम ही आपण देवाला धरण्याची साधने आहेत. ती सुटल्यावरही देवाने आपल्याला धरलेले असते, या विश्वासाला शरणागती म्हणतात. एरवी तिचा आपण नुसता उच्चार करतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिचा उपयोग करावा लागतो. म्हणून शस्त्रकर्म हे शरणागतीच्या विरुद्ध नाही; झाले तर तो तिचा अभ्यासच आहे.

आता भय वाटते काय, असे पुष्कळ जण विचारतात. वाटते. रात्री जाग येते, छातीवर हात जातो. देहाने भ्यावे हा देहाचा धर्म आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंड कोरडे पडले, धनुष्य हातातून निसटू लागले. तो थरथरला म्हणून भगवंताने रथ सोडून दिला नाही. भय हा दोष नव्हे, भयापोटी देवाशी सौदा करणे हा दोष आहे. आमच्या आप्तांपैकी एकाने सुखरूप परत आल्यास चांदीचा टाळ वाहीन असा नवस बोलून ठेवला. प्रेमाने बोलला, म्हणून आम्ही रागावलो नाही. पण त्याला म्हटले, "बाबा, ज्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले आहेत तो तुझा टाळ घेणार कोणत्या हाताने?" डॉक्टरही निमित्तमात्र आहेत हे विसरू नये. मुंबईचे विख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांनी कितीतरी हृदये दुरुस्त केली, आणि २००३ साली ते स्वतः हृदयविकाराने गेले. वैद्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. पण त्याच्याकडून अमरत्वाची हमी मागू नये.

नेमलेला दिवस येईपर्यंत काय करावे? परीक्षितीला सात दिवस मिळाले होते, त्याने ते श्रवणात घालवले. आपणाला त्याहून अधिक मिळतात, तर कृतज्ञ असावे. दात किडला असेल तर काढून घ्यावा, कारण तोंडातील दोष रक्तावाटे नव्या झडपेवर बसतो. श्वासाचा व्यायाम सांगितला असेल तो नामाबरोबर करावा. पुढे छातीचे हाड सांधण्यास दोन-तीन महिने लागतात, तोवर वजन उचलू नये, खोकला आला तर उशी छातीशी धरावी, हे घरच्यांना आधी समजावून ठेवावे. कोणाशी अबोला असेल तर आपण होऊन त्याच्या दारी जावे. देण्याघेण्याचा कागद करून ठेवावा. पैशाची अडचण असेल तर जमीन विकण्याची घाई न करता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

आणि एक हिशेब मनाशी करावा, तो ऋणाचा. आपल्या अंगात जे रक्त चढेल ते देणाऱ्याचे नाव आपल्याला कळणार नाही. यंत्र विजेवर चालेल. आणि विजेसाठी कोणाची तरी घरे-शेते पाण्याखाली जातात, हे मुळशीकराला शिकवावे लागत नाही. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह करणारे मावळे आमच्याच वाडवडिलांपैकी होते. झडप कोणी घडवली, भूल कोणी शोधली, फरशी कोण पुसते, या सर्वांचे देणे घेऊन आपण टेबलावरून उठणार. असा दुरुस्त झालेला देह मग 'माझा' कसा म्हणावा? तो देणेकऱ्याचा देह आहे. उरलेले दिवस फेड करण्यासाठी.

यंदाच्या आषाढीला आमची पावले दिंडीत नसतील. वीणा कोणी घ्यावयाची ते ठरले आहे. आमच्याकडे शिकणाऱ्या मुलांपैकी एकाच्या गळ्यात ती घातली आहे. आमच्या दारची मुळा पुण्याला मुठेस मिळते, पुढे भीमेस मिळते, आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. धरणाने तिचे पुष्कळ पाणी भिऱ्याकडे वळवले, तरी जे खाली उतरते ते त्याच वाटेने जाते. वाचकांनी आमच्यासाठी नवस बोलू नये. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे आणि माळेसाठी किंवा भीतीसाठी जे अडून बसले आहेत, त्यांना हा लेख वाचून दाखवावा, एवढीच विनंती.

रामकृष्णहरि.